चेन काळीकुट्ट, करकर आवाज, गिअर उड्या मारतोय. दुकानात जळकं ऑइल चोपडलं होतं, आता काय करू?

विजापूररोडवाला:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी गिअरची सायकल आहे, पुढे तीन मागे सात, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, येत्या दिवाळीला तीन वर्षं होतील घेऊन. जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोज कामाला सायकलवरच जातो, आणि रविवारी मूड असेल तर तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावापर्यंत. म्हणजे सायकल शोभेची नाही, रोज राबते.

झालं असं की सप्टेंबरच्या त्या जोरदार पावसात आठवडाभर चिखलातनंच येणंजाणं झालं, आपली काळी माती तुम्हाला माहितीच आहे, चाकाला चिकटली की चिकटली. त्यानंतर चेन करकरायला लागली. घराजवळच्या एका दुकानात नेली तर तिथल्या पोरानं डब्यातलं जळकं ऑइल ब्रशनं चांगलं चोपडून दिलं, दहा रुपये घेतले. दोन दिवस एकदम सायलेंट, मी खूश. तिसऱ्या दिवसापासून परत करकर, वर आता चेन अशी काळी झालीये की बोट लावलं तर साबणानं तीनदा धुवावं लागतं, पँटच्या उजव्या पायाला पट्टा कायमचा (बायकोनं ती पँट आता सायकललाच देऊन टाकलीये), आणि चढावर जोर लावला की मागे खट्कन उडी मारते. मागचा ब्रेकपण किंचाळतोय तेव्हापासून, त्याचा याच्याशी संबंध आहे का ते माहीत नाही.

रॉकेल आमच्याकडे आता बघायलाही मिळत नाही. पेट्रोलनं धुतलं तर चालतं का? चेन खोलावी लागते का? आणि नंतर तेल कुठलं घालायचं, घरात डब्ल्यूडी ४० चा डबा आहे, बाईकचा चेन स्प्रे आहे, आणि आई म्हणते करडईचं तेल घाल. मी गोंधळलोय.


डबलस्टँड:

एवढं काय डोकं लावताय, वॉशिंग सेंटरला न्या, प्रेशरनं मारायला सांगा, पाच मिनिटात चकाचक. नाहीतर बाथरूम साफ करायचं ॲसिड असतंय की, त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, गंज बिंज सगळा जातोय.


कंबरतलाव राउंड:

डबलस्टँड, काय सांगालाय बे. त्याची चेन घाण आहे, गुन्हेगार नाही. ॲसिडात चेन घातली की वरून चकचकीत दिसते पण पोलाद आतून ठिसूळ होतं, प्लेटांना बारीक चिरा जातात आणि एक दिवस सात रस्त्याच्या मधोमध जोर लावताना तुटते. आणि प्रेशर वॉशरचं पाणी हबमध्ये, बीबीमध्ये (पायडलच्या मधल्या दांड्याचं बेअरिंग), फ्रीव्हीलमध्ये (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) घुसतं, छर्ऱ्यांचं ग्रीस धुऊन काढतं. चेन साफ आणि बाकी सगळ्याची वाट.

विजापूररोडवाले मालक, तेल-डिझेल नंतर बघू, आधी स्टीलची फूटपट्टी आणा. चढावर उडी मारतीये म्हणालात ना, मग साफसफाईत रविवार घालवायच्या आधी चेन जिवंत आहे का ते बघायला पाहिजे. चेनचा एक जोड बरोबर अर्धा इंचाचा असतो, म्हणजे चोवीस जोड बारा इंच. सायकलवरच चेन असू द्या, पायडल थोडं दाबून ताण द्या, एका पिनच्या मधोमध पट्टीचा शून्य धरा आणि बारा इंचावर बघा. पिनचा मध्य बरोबर बारावर असेल तर चेन नव्यासारखी. अर्धा सूत पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ आली. एक सूत पुढे असेल तर चेन गेलीच, वर मागचे दातेही बहुतेक सोबत नेलेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे फिटर लोकांना सांगायला नको पण नवीन पोरांसाठी लिहितो.

लोक म्हणतात चेन ताणली. प्लेटा ताणत नाहीत ओ, आतली पिन आणि ती जिथं फिरते ती जागा झिजते. एकेक जोड केसभर झिजतो, पण चेनमध्ये असे शंभरावर जोड, सगळ्यांचं मिळून दिसतं. आणि झिजवतं कोण, तर तेलात कालवलेली धूळ. गॅरेजमध्ये व्हॉल्व घासायची पेस्ट बघितलीये का कधी? तेलात बारीक कडक पावडर. तुमच्या चेनवर आत्ता तीच आहे, घरगुती बनावटीची. जळक्या ऑइलमध्ये तर काजळी आणि इंजिनचा बारीक लोखंडी कीस आधीच असतो, वरून आपल्या रस्त्याची धूळ. दोन दिवस आवाज बंद झाला कारण त्या पोरानं आवाजावर उशी ठेवली, बाकी काही झालं नाही. पोराला दोष देत नाही, त्याला तसंच शिकवलेलं असणार. आपल्याकडे ओव्हरहॉलला सगळे ओव्हरऑइल म्हणतात आणि मला वाटतं घोळ तिथंच झालाय, लोकांना वाटतं जास्त ऑइल म्हणजेच सर्व्हिसिंग.

पट्टी लावून सांगा, मग पुढचं.


विजापूररोडवाला:

पट्टी संध्याकाळी लावतो, आत्ता कामावर आहे. पण तोपर्यंत साफ करायचं कसं ते पण सांगून ठेवा ना, म्हणजे शनिवारी सामान आणून ठेवतो.


कंबरतलाव राउंड:

बरं. एकच गोष्ट डोक्यात ठेवा, तेल आत पाहिजे, बाहेर नाही. चेनमध्ये घर्षण होतं ते पिनवर आणि त्या छोट्या रोलरच्या पोटात. बाहेरच्या प्लेटांना तेलाचा काडीचा उपयोग नाही, गंज नको म्हणून नावापुरता हात फिरला तरी बास. बाहेर जेवढं तेल दिसतं तेवढं ते धुळीला आमंत्रण. त्यामुळे तेल घालण्यापेक्षा पुसण्यात जास्त वेळ गेला पाहिजे, मी तर म्हणतो तिप्पट.

चेन सायकलवर असतानाच निम्मं काम होतं. जुनं बनियन घ्या, चेनच्या खालच्या भागाला मुठीत धरा आणि पायडल उलटं फिरवा. पहिलं बनियन पूर्ण काळं होईल, होऊ द्या. मग मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवतो त्या भागाची, ती दोन छोटी चाकं बघा, खाली लोंबणारी, त्यांच्या कडेला घाण साचून अक्षरशः रिंग झालेली असते. चपटा स्क्रूड्रायव्हर टेकवून चाक फिरवलं की ती रिंग सालीसारखी निघते, माझ्या पहिल्या वेळेला एवढी निघाली होती की मला वाटलं टायरचा तुकडाच आहे. पुढच्या दातेऱ्यांनाही तसंच. मागच्या सात दातेरी चकत्यांच्या मध्ये कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं धरून बूट पॉलिशवाले करतात तसं पुढेमागे ओढायचं.

आता धुणं. पेट्रोल नको. साफ झकास करतं पण वाफ जमिनीलगत पसरते, घरात गॅस, देवघरात दिवा, कुणाला कळायच्या आत भडका. रॉकेल नसेल तर डिझेल घ्या, पाव लिटर बास. चेनला क्विक लिंक असेल, म्हणजे एक जोड वेगळा, दाबून सरकवून निघणारा, तर चेन काढून रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत टाका, डिझेल ओता, झाकण लावून ताक घुसळल्यासारखं दोन मिनिटं हलवा. पहिलं डिझेल शाईसारखं निघेल. ते दुसऱ्या बाटलीत ओता, नवीन घ्या, परत हलवा. तिसऱ्यांदा डिझेल पिवळसर राहिलं की झालं. डिझेल स्वतः चिकट असतं म्हणून शेवटी गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून एकदा धुवा, स्वच्छ पाण्यानं खळखळवा, लगेच पुसा आणि उन्हात ठेवा. आपल्याकडे ऊन फुकट आहे, ऑक्टोबरात दुपारी तासाभरात आतून कोरडी होते. ओली सोडली तर संध्याकाळपर्यंत तांबूस गंज.

काळं डिझेल गटारात ओतू नका. बाटली दोनतीन दिवस तशीच उभी ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पुढच्या वेळेच्या पहिल्या धुण्याला चालतं. गाळ गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या डब्यात.

क्विक लिंक नसेल तर चेन खोलायच्या भानगडीत पडू नका, पिन ठोकून काढायची आणि तीच परत ठोकायची हे एकगिअरी जाड चेनला चालायचं, गिअरच्या बारीक चेनला ती जागा कायमची कमजोर होते. मग ब्रशला डिझेल लावून सायकलवरच घासा, पण तुमचे डिस्क ब्रेक आहेत. डिस्कच्या पात्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. तुमचा मागचा ब्रेक किंचाळतोय त्याचं कारण मी पैजेवर सांगतो, त्या पोराच्या ब्रशचे शिंतोडे पात्यावर उडालेत. मेडिकलमधनं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कोरड्या स्वच्छ कापडानं पातं पुसा. पॅडनं तेल पिलं असेल तर वरचा थर पॉलिश पेपरवर घासून बघा, नाही जमलं तर पॅड बदलायचे. आणि डिस्कच्या सायकलवर कुठलाही स्प्रे म्हणजे स्प्रे मारायचा नाही, चेनवर मारला तरी.

एक अजून, फ्रीव्हील डिझेलमध्ये बुडवू नका. आत छोटे खटके असतात, मिस्त्री लोक त्याला कुत्रे म्हणतात, उलटं फिरवल्यावर टकटक करतात ते. त्यांचं ग्रीस गेलं की ते अडकतात, मग पायडल मारलं तरी चाक फिरत नाही. ओलसर ब्रशनं बाहेरूनच.


मागवाला:

मी सायकलवाला नाही, आमचे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. पण तेल, धूळ आणि फिरणारं लोखंड यात जन्म गेला म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे धुळीऐवजी सुताचा कोंडा असतो, आणि वडील नेहमी ओरडायचे की मागाला तेल पाजायचं असतं, आंघोळ घालायची नसते. नवीन कामगार आला की पहिल्या आठवड्यात एवढं तेल ओततो की कोंडा चिकटून गादी तयार होते आणि कापडावर डाग. माल सेकंडमध्ये. तुमच्या पँटचं तेच झालंय मालक.

गंमत सांगतो, तुमच्या या चेनचा जन्मही सूतगिरण्यांच्याच नात्यात झालाय. हान्स रेनॉल्ड म्हणून स्विस माणूस, त्यानं १८७९ साली इंग्लंडात मँचेस्टरच्या शेजारी सॅलफर्डला एक छोटा कारखाना विकत घेतला, तो कारखाना कापड गिरण्यांच्या मशिनींच्या चेनी बनवायचा. दुसऱ्याच वर्षी, १८८० मध्ये, त्यानं बुश रोलर चेन काढली, तीच पुढे सायकलींना, मोटारसायकलींना गेली. वडील मिलमध्ये फिटर होते, त्यांना हे कळलं असतं तर लई खूश झाले असते.

आता कापडाचं. सोलापुरात टॉवेलचे तुकडे ढिगानं मिळतात म्हणून लोक तेच वापरतात, चेनला वापरू नका. टॉवेलचे फासे दात्यात अडकतात, धागा सुटतो, तो धागा त्या छोट्या चाकांच्या मध्ये जाऊन गुंडाळतो. स्वतःच्या मालाची बदनामी करतोय पण खरं ते खरं. होजिअरीचं कापड, म्हणजे बनियन, टीशर्ट, हेच बेस्ट. टॉवेल हात पुसायला ठेवा.

आणि मातोश्रींना नमस्कार सांगा, पण करडईचं तेल नको. करडईचं तेल हवेत हळूहळू सुकतं, जवसासारखं, पातळ थर दिला तर काही दिवसांत चिकट होतो आणि मग वार्निशसारखा बसतो. तवा तयार करायला चांगलं, चेनला वाईट. खोबरेलही नको, थंडीत गोठतं. खायचं तेल भाजीतच.


शिवणताई:

मधेच विचारते, राग मानू नका. मी शिवणकाम करते, माझ्याकडे मशीनचं तेल कायम असतं, ते पाण्यासारखं पातळ पांढरं. मुलीच्या सायकलच्या चेनला मी तेच घालते. तिची साधी सायकल आहे, गिअर नाही, चेनला पूर्ण झाकण आहे, कव्हरला एक छोटं भोक आहे त्यातनं घालते. आठ दिवसांत परत खडखड. तेल वाईट आहे का?


कंबरतलाव राउंड:

ताई, तेल वाईट नाही, पातळ आहे. शिलाई मशीनमध्ये जोर कमी आणि तुम्ही रोज दोन थेंब घालता म्हणून चालतं. चेनवर ताण जास्त, पातळ तेल आत पटकन जातं तसं पटकन बाहेरही येतं. चारआठ दिवसांनी घालणार असाल तर चालेल, काही बिघडत नाही. उलट त्या जळक्या ऑइलपेक्षा शंभर पटीनं बरं. पण खडखड तेलाची नसून चेन सैल होऊन कव्हरला घासत असेल अशी मला शंका आहे. कव्हर उघडून बघा एकदा, पाच स्क्रू असतात फार तर.

मूळ प्रश्नातल्या तीन डब्यांबद्दल राहिलं. डब्ल्यूडी ४० हे नावच पाणी हटवणारं चाळीसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण अशा अर्थाचं आहे, १९५३ साली अमेरिकेत गंज रोखायला बनवलं. पावसात भिजलेल्या चेनमधलं पाणी घालवायला छान, घाण सैल करायला छान, पण त्यावर चेन चालवायची नाही, वंगण म्हणून टिकतच नाही. मारलं तर पुसा आणि वर खरं तेल घाला. आणि डिस्क आहेत, म्हणून कापडावर मारून मग कापड चेनला. बाईकचा चेन स्प्रेही नको. बऱ्याच बाईकच्या चेनमध्ये ग्रीस आत भरून रबरी रिंगांनी सील केलेलं असतं, स्प्रेचं काम फक्त बाहेरून, म्हणून तो मुद्दाम चिकट केलेला. सायकलच्या चेनला सील नाही, चिकट पदार्थ बाहेरच बसतो. नव्वद नंबरचं गिअर ऑइलही तसंच, मध गाळणीतनं गाळल्यासारखं, आत जाईस्तोवर दिवाळी येईल.

सायकलचं चेन ल्यूब म्हणून छोटी बाटली मिळते, ती घ्या, ओलं आणि सुकं असे दोन प्रकार. ओलं पावसात टिकतं पण धूळ धरतं. सुकं घातल्यावर त्यातला द्राव उडून जातो, धूळ कमी धरतं पण पाण्यात धुऊन जातं. आपल्याकडे पावसाचे दिवस मोजके आणि धुळीचे भरपूर, त्यामुळे वर्षातले आठनऊ महिने सुकं, पावसाळ्यात ओलं. काहीच मिळालं नाही तर इंजिनचं नवीन ऑइल, नवीन, जळकं नाही, औषधाच्या ड्रॉपरनं.

घालायची पद्धत मात्र धीरानं. सायकलच्या डाव्या बाजूला नाही, चेनच्या बाजूला बसा. चेनचा खालचा भाग, त्याची वरची म्हणजे आतली बाजू, तिथं प्रत्येक रोलरवर एक थेंब. फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून घातलं की ते चेनमधनंच जातं. एक जोड खडूनं खूण करून ठेवा नाहीतर कुठून सुरू केलं ते विसरता आणि अर्ध्या चेनला डबल पडतं. शंभरावर थेंब, दहा मिनिटं, रेडिओ लावा. मग पायडल उलटं पंचवीसतीस वेळा फिरवा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी निघायच्या आधी कोरड्या बनियननं बाहेरचं सगळं पुसून काढा, अगदी तेल घातलंच नाही असं वाटेपर्यंत. पहिल्या फेरीनंतर परत एकदा पुसा, आतली उरलेली घाण तेव्हा बाहेर येते. मी दीडदोनशे किलोमीटरला एकदा घालतो, भिजली तर त्याच दिवशी पुसून लगेच.


मेणवाला:

एवढी उस्तवार करण्यापेक्षा मेण लावा की. दोन वर्षं झाली मी तेलाला हात लावला नाही. पॅराफिनचं मेण, जुन्या पातेल्यात, ते पातेलं दुसऱ्या मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात, थेट गॅसवर ठेवायचं नाही, भडकतं. मेण वितळलं की चेन तारेला ओवून आत सोडायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हलवायची, म्हणजे आतली हवा निघून मेण आत गेलं, मग टांगून ठेवायची. गार झाली की काठीसारखी कडक होते, हातानं एकेक जोड वाकवून मोकळा करायचा. अट एकच, चेन आधी तेलातून शंभर टक्के मुक्त पाहिजे, नव्या चेनवरचं कंपनीचं ग्रीससुद्धा काढायचं, नाहीतर मेण धरत नाही. हात लावला तरी बोट पांढरं राहतं, पँट पांढरी घालून ऑफिसला जातो.

आणि लगेच कुणीतरी विचारणार की आपल्या उन्हाळ्यात वितळेल. सोलापूरचा मे महिना ४३-४४ ला जातो, मेण वितळतं ५५-६० च्या आसपास. बंद गाडीच्या डिकीत दुपारी सायकल ठेवली तर काय होईल सांगत नाही, रस्त्यावर काही होत नाही.

तेल-तेल करणाऱ्यांसाठी, १९९९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चेनची चाचणी घेतली होती, उत्तम स्थितीत ९८.६ टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता आली, आणि वंगणानं फारसा फरकच पडला नाही.


कंबरतलाव राउंड:

ती चाचणी लॅबमध्ये झाली होती मालक, तिथं होटगी रोड नव्हता. स्वच्छ चेन कशावरही चालते, हेच तर मी सकाळपासून सांगतोय.

मेण चांगलंच आहे, मान्य. पण पावसात एकदा भिजली की दुसऱ्या दिवशी गंज, आणि रोज कामावर जाणाऱ्या माणसाकडे पातेलं चढवायला वेळ नसतो. घरात दुसरी चेन असेल तर आलटून पालटून जमतं.


मेणवाला:

दुसरी चेन आहेच माझ्याकडे 😄 आणि पातेलं वेगळं आहे, हे घरच्यांसाठी स्पष्ट करतो.


विजापूररोडवाला:

मंडळी, रिपोर्ट.

पट्टी लावली. पिन बाराच्या पुढे एक सुताला चिकटलेली, म्हणजे जवळपास पूर्ण सूत. तीन ठिकाणी मोजलं, तिन्हीकडे तेच. थोडा वेळ गप्प बसलो. तीन वर्षांत चेनकडे एकदाही बघितलं नव्हतं हे कबूल करतो, आवाज आला की दुकान, दुकान की चोपडणं, असे तीनचार वेळा तरी.

तरी शनिवारी जुनीच चेन साफ केली, म्हटलं हात बसू दे, नवीनवर प्रयोग नको. क्विक लिंक निघाला, घाणीखाली दिसतच नव्हता. लोणच्याची बरणी घेतली (आईला विचारून, रिकामीच होती) आणि डिझेलात घुसळली. पहिलं डिझेल शाई काय, डांबर. चौथ्यांदा कुठं पिवळं राहिलं. कानाजवळ धरून हलवली तर आधी खसखस आवाज होता, वाळू असल्यासारखा, धुतल्यावर स्वच्छ किणकिण. हा फरक कुणी सांगितला नव्हता, मला त्याचंच सगळ्यात जास्त वाटलं. आणि आडवी धरली तर केळ्यासारखी बाजूला वाकते, एवढी ढिली झालीये.

रविवारी नवीन चेन आणली, जुनीशेजारी टांगून तेवढेच जोड ठेवले. बसवली आणि काय, मोठ्या चकत्यांवर लोण्यासारखी, पण मी रोज वापरतो त्या सगळ्यात लहान दोन चकत्यांवर जोर लावला की परत खट्कन उडी. कंबरतलाव काका, तुम्ही म्हणाला होतात सोबत नेलेत म्हणून, नेलेतच. त्या लहान चकत्यांचे दाते बघितले तर एका बाजूला झुकलेले, मांजराच्या नखासारखे. मग परत दुकान, यावेळी दुसरं, त्यांच्याकडे फ्रीव्हील खोलायची चावी होती, जाम बसलेलं, लांब पाइप लावून दोघांनी जोर लावला तेव्हा निघालं. नवीन फ्रीव्हील टाकलं. वेळेवर चेन बदलली असती तर निम्म्याहून कमी खर्चात भागलं असतं, दुकानदारच म्हणाला.

सुकं ल्यूब आणलंय. थेंब मोजले, ११२. मुलगा शेजारी बसून मोजत होता, ६७ ला त्याची आणि माझी भांडणं झाली, परत पहिल्यापासून.

ब्रेक मात्र अजून थोडा किंचाळतो. पातं पुसलं, पॅड घासले.


कंबरतलाव राउंड:

पातं आणि पॅड दोन्ही साफ केल्यावर सपाट रस्त्यावर जरा वेगात घेऊन पंधरावीस वेळा जोरात ब्रेक दाबा, पूर्ण थांबायचं नाही, पायी चालण्याच्या वेगावर आलं की सोडायचं. पॅडचा थर पात्यावर बसायला लागतो. सकाळी सहाच्या आत करा, रस्ता मोकळा असतो. त्यानंतरही ओरडला तर पॅडनं तेल खोलवर पिलंय, बदला, जीवाशी खेळ नको.

पट्टी सायकलच्या पिशवीतच ठेवा. नवीन चेन अर्धा सूत झाली की काढायची, फ्रीव्हील तीन चेनी तरी काढेल.


शिवणताई:

दादा, तुमचं ऐकून मुलीच्या सायकलचं कव्हर उघडलं. आत काय नव्हतं ते विचारा. कडुनिंबाची पानं, केसाचं रबर, एक शेंगदाणा, आणि तळाला माझं तेल आणि धूळ मिळून काळ्या मेणासारखा गोळा, बोटभर जाडीचा. आठवड्याला भोकातनं घातलेलं तेल चेनवर पडतच नव्हतं वाटतं, कव्हरातच साठत होतं. सगळं खरवडून काढलं. चेन पुसली, तेल एकेक थेंब घातलं. पण ती सैल आहे, हातानं खालीवर केली तर दीड इंच तरी हलते. ती मला घट्ट करता येईल का, की दुकानातच न्यावी?


मागवाला:

ताई, शेंगदाण्यावर तुम्ही खरं सोलापूर सिद्ध केलंत.


कंबरतलाव राउंड:

येईल की, पंधरा नंबरचा पाना आहे का घरात? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूचे मोठे नट सैल करा, पूर्ण काढू नका. चाक थोडं मागे ओढा, चेन ताठ होते. मधोमध बोटानं दाबल्यावर अर्धा इंच हलली पाहिजे, तारेसारखी ताठ नको, पायडल जड जातं. पायडल हळूहळू पूर्ण फिरवून बघा, एखाद्या जागी चेन जास्त ताठ होते, तिथं अर्धा इंच धरायचा. मग चाक फ्रेमच्या दोन्ही दांड्यांच्या बरोबर मध्ये आहे ना ते बघा, एका हातानं चाक धरून ठेवा आणि उजवा नट थोडा, डावा थोडा, असं आलटून पालटून आवळा. एकच नट आधी पूर्ण आवळला तर चाक वाकडं बसतं आणि टायर घासतं. मुलीला चाक धरायला लावा, तिचीच सायकल आहे.


शिवणताई:

पाना शेजाऱ्यांकडे आहे. ती क्लासवरून आली की करतो दोघी.